एकाच माणसाचा चेहरा मनासारखा येईपर्यंत कसा काढायचा

आवडत्या माणसाचं चित्र काढताना नाक जमतं पण माणूस येत नाही, असं होत असेल तर नाक दुरुस्त करत बसू नका, अख्खं चित्र पुसा. लंडनचा चित्रकार फ्रँक आउअरबाख (1931–2024) हेच करायचा. स्टेला वेस्ट, ज्युलिएट यार्डली मिल्स, बायको ज्युलिया अशी मोजकीच माणसं त्याने वर्षानुवर्षं काढली, 1954 पासून कॅमडेनमधला स्टुडिओही तोच. बैठक संपली की चारकोलचं, म्हणजे कोळशाच्या कांडीने काढलेलं चित्र पुसायचं आणि पुढच्या वेळी त्याच कागदावर परत सुरुवात.

आधी माणूस ठरवा, आई, बायको, मित्र कोणीही, पण दर आठवड्याला ठरलेल्या वेळी येऊन बसेल असा. खुर्ची तीच, खिडकी तीच. फोटोवरून नको प्लीज, फोटोतला माणूस दमत नाही, बोलत नाही, मान कलती करत नाही आणि आपल्याला तर तेच हवंय.

कागद जाड घ्या, कार्ट्रिज किंवा हँडमेड. चारकोल विलोचाच, म्हणजे विलो झाडाच्या जाळलेल्या काड्यांचा, कारण कॉम्प्रेस्ड चारकोल (भुकटी दाबून केलेल्या कांड्या) कागदात मुरतो आणि नीट पुसला जात नाही. डोळ्यांपासून सुरुवात करायची नाही, आधी कवटीचं वजन, कपाळाचा उतार, गालाचं हाड आणि जबड्याखालची सावली बघा, डोळे सगळ्यात शेवटी.

बैठक संपली की सुती फडक्याने सगळं पुसा, चांगलं आलेलं पण. जीवावर येतं खरं, पण पुसल्यावर जी करडी सावली उरते ना तिच्यातच खरी गंमत आहे, पुढच्या वेळी त्यातूनच खोडरबराने कपाळावरचा उजेड काढता येतो, कोऱ्या कागदावर ती खोली येत नाही. मात्र जुन्या रेषा गिरवायच्या नाहीत, समोरच्या माणसाकडे बघूनच काढायचं.

घासून घासून कागद फाटेल. फाटू दे, पातळ खळ लावून मागून ठिगळ मारा आणि पूर्ण वाळू द्या. आउअरबाखच्या 1950 च्या दशकातल्या चेहऱ्यांवर ही ठिगळं स्पष्ट दिसतात आणि मला तर ती फार आवडतात.

थांबायचं कधी? नुसतं सारखं दिसलं म्हणून नाही. माणूस उठून गेल्यावरही कागदावर तोच बसलाय असं वाटलं तर थांबा. फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर पक्का करणारा स्प्रे) तेव्हाच मारा, आधी मारलंत तर पुसता येणार नाही. बाल्कनीत, फूटभर लांबून, दोन पातळ हात पुरे.