पाण्याखालील पोलादी दुरुस्तीसाठी वेल्डिंग रॉडची निवड

ठाणे खाडीच्या काठाने असलेल्या जेट्यांचे पोलादी पाइल (जमिनीत खोल ठोकलेले खांब), त्यांचे आडवे-तिरपे आधार आणि खाडीत उतरलेल्या पाइपलाइनी खाऱ्या पाण्यात गंजतात, बोटींचे धक्के सोसतात आणि केव्हातरी त्यांवर पाण्याखालीच पट्टी जोडण्याची वेळ येते. अशा वेळी बहुधा आधी रॉडची मागणी नोंदवली जाते आणि मूळ पोलाद कोणते आहे याची चौकशी नंतर होते. हा क्रम उलटा हवा, कारण रॉड कोणता चालेल हे प्रामुख्याने त्या पोलादाच्या रसायनावर ठरते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. जोडाभोवती बंदिस्त कक्ष बसवून त्यातील पाणी हटवून काम करायचे असेल, तर तेथे जमिनीवरच्याप्रमाणे ई ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड योग्य ठरतो. मात्र पाणबुडा थेट पाण्यातच आर्क (वेल्डिंगची विजेची प्रखर ज्योत) पेटवणार असेल, तर हाच रॉड टाळावा. रबाळे-तुर्भे पट्ट्यातील कारखान्यांत ७०१८ वर वर्षानुवर्षे विश्वास ठेवलेल्या वेल्डरला हे पटणे अवघड जाते. परंतु त्या रॉडचा सारा गुण त्याच्या कोरड्या, भट्टीत तापवलेल्या फ्लक्समध्ये, म्हणजे रॉडवरच्या लेपात, असतो, आणि पाण्यात तो कोरडेपणाच उरत नाही. पुढील विवेचन थेट पाण्यातील वेल्डिंगपुरते आहे.

आर्कच्या उष्णतेने पाण्याचे विघटन होते, त्यामुळे आर्कभोवती तयार होणाऱ्या बुडबुड्यात मोठा वाटा हायड्रोजनचा असतो आणि तो वितळलेल्या धातूत शिरतो. त्याच वेळी सभोवतालचे पाणी जोड इतक्या वेगाने थंड करते, की जोडालगतचा मूळ पोलादाचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो. कडक पट्टा, त्यात अडकलेला हायड्रोजन आणि आकुंचनाचा ताण हे तिन्ही एकत्र आले की जोडाच्या कडेने तडा जातो, आणि तोही अनेकदा काही तासांनी, म्हणजे पाणबुडा वर आल्यानंतर.

हा धोका मोजण्यासाठी कार्बन समतुल्य, म्हणजे पोलाद किती सहज कडक होईल हे दाखवणारा आकडा, काढावा. कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजच्या टक्केवारीचा सहावा भाग, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा भाग आणि निकेल व तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळवला की तो आकडा येतो. ०.१६ टक्के कार्बन आणि ०.९० टक्के मँगनीज असलेल्या पोलादात या दोन घटकांपुरता तो ०.३१ येतो, तर ०.२२ आणि १.२० असेल तर ०.४२. दोन्ही प्लेटा बाजारात ‘माइल्ड स्टील’ म्हणूनच ओळखल्या जातील, पण पाण्याखाली त्यांचे वागणे वेगळे असेल. साधारणपणे ०.४० ही मर्यादा धरली जाते. जुन्या बांधकामाचे मिल सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याने दिलेला रसायनाचा दाखला) सापडले नाही, तर पोलादाचा थोडा कीस काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. हा खर्च टाळण्यासारखा मुळीच नाही.

आकडा ०.४० च्या आत असेल तर रुटाइल (टायटॅनियमचे खनिज) लेपाचे, ई ६०१३ किंवा ई ७०१४ वर्गातील, पाण्याखालील वापरासाठी जलरोधक आवरण देऊनच तयार केलेले रॉड घ्यावेत. त्यांची आर्क स्थिर राहते आणि स्लॅग (जोडावर जमणारा लेपाचा कडक थर) सहज सुटतो, जे गढूळ पाण्यात हाताने चाचपत काम करणाऱ्यासाठी फार मोलाचे आहे. आकडा मर्यादेबाहेर गेला तर निकेलप्रधान रॉडचा विचार करता येतो, कारण निकेलचा जोड हायड्रोजन स्वतःत धरून ठेवतो आणि कडक पट्ट्याकडे फारसा जाऊ देत नाही. परंतु सुमारे १० मीटरपलीकडे या रॉडच्या जोडात छिद्रे वाढत जातात आणि दर्जा ढासळतो.

रुटाइल रॉडवरही खोलीचा परिणाम होतो. दर १० मीटरला सुमारे एक वातावरण इतका दाब वाढतो आणि त्यासोबत सच्छिद्रताही. म्हणून खोली मोजताना भरतीची पातळी धरावी. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्याही वर जातो. प्रवाह मंद असलेले भांगाचे (भरती-ओहोटीतील फरक कमी असण्याचे) दिवस कामासाठी अधिक सोयीचे.

विद्युतप्रवाह डीसीच हवा; एसी पाण्याखाली पाणबुड्याच्या जिवावर बेततो. होल्डर (रॉड पकडणारी मूठ) सहसा ऋण टोकाला जोडतात, कारण उलट जोडणीत खाऱ्या पाण्यात होल्डरचे धातूचे भाग झिजतात. तरीही उत्पादकाची सूचना अंतिम मानावी. ३.२ मिलिमीटर व्यासाचा रॉड बहुतेक फिलेट (दोन प्लेटांमधील कोपऱ्यात भरलेल्या) जोडांना पुरतो. लेप टेकवून रॉड ओढत नेण्याची पद्धत असल्याने त्याची कड शाबूत हवी. तडकलेल्या लेपाचा रॉड बाजूला काढावा आणि खाली नेताना एका वेळी थोडेच रॉड न्यावेत. भिजून परत आलेले रॉड वाळवून पुन्हा वापरू नयेत.

अंतिम खरेदीपूर्वी त्याच प्रतीच्या पोलादाचे दोन तुकडे, त्याच खोलीवर, त्याच पाणबुड्याकडून जोडून घ्यावेत. हा जोड ४८ तास तसाच ठेवावा, मग एक भाग तोडून आणि दुसरा कापून, घासून, आम्ल लावून भिंगाखाली पाहावा. कडेला तडा दिसला तर तो रॉड त्या पोलादासाठी घेऊ नये.