आरएक्स १०० चा प्लग सारखा ओला येतोय? आधी पेट्रोलचा कॉक बंद करून झोपा

काकांची यामाहा आरएक्स १०० माझ्याकडे आली तेव्हा तिचा रोग एकच, सकाळी तीस-चाळीस किका, मग प्लग काढा, पुसा, लायटरने तापवा, परत लावा, परत किका, आणि एकदा चालू झाली की सुसाट, पण कुठं चहाला थांबलो आणि दहा मिनिटांनी निघायला गेलो की परत तेच नाटक. एका मिस्त्रीने बोअर गेलाय (सिलिंडर आतून झिजलाय) सांगून इंजिन उतरवलं, नवीन पिस्टन पडला, खिसा मोकळा झाला आणि गाडी जशीच्या तशी. शेवटी निघालं काय तर कार्बोरेटरमधली फ्लोटची निडल, म्हणजे आतला तरंगता फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी सुई, जिचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं. आता ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच बनली, म्हणजे सगळ्यात तरुण आरएक्स १०० सुद्धा तिशीच्या घरात आलीय, त्यामुळे रबर-सील-निडल हे सगळं संशयित धरूनच चालायचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, ही गाडी टू-स्ट्रोक आहे आणि हिच्यात पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये जात नाही, आधी रीड व्हॉल्व्हमधून (पातळ पात्यांची एका बाजूनेच उघडणारी झडप) खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पेटीत जातं आणि तिथून वर ढकललं जातं. त्यामुळे गाडी ओव्हर झाली, म्हणजे पेट्रोल जास्त गेलं, की नुसता प्लग ओला नसतो, खाली क्रँकमध्ये डबकं साचलेलं असतं, आणि तुम्ही प्लग पुसून लावला तरी दुसऱ्या-तिसऱ्या किकला ते डबकं वर येऊन प्लग परत आंघोळ करतो. लोक इथंच दमतात.

ते डबकं रिकामं करायचं असं. कॉक बंद. चोक बंद. चावी बंद, आणि प्लगची कॅप प्लगहोलपासून लांब वळवून ठेवा, कारण भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो आणि शेजारी ठिणगी पडली तर काय होईल सांगायला नको, सिगारेटवाल्या मित्राला पण लांब उभं करा. प्लग काढायचा, एक्सलेटर पूर्ण पिळून धरायचा आणि वीसेक किका मारायच्या. फवारा कमी होत होत नुसती हवा यायला लागली की पाच-दहा मिनिटं तसंच उघडं सोडा. मग कोरडा प्लग, जमलं तर नवाच, कारण टू-स्ट्रोकचा प्लग दोन-चार वेळा नीट भिजला की वरून कितीही चकाचक दिसू दे, आतून मेलेला असू शकतो. कॉक अजून बंदच ठेवा आणि एक्सलेटर अर्धा देऊन किक मारा. भकाभक पांढरा धूर काढत चालू होईल, तो धूर जाऊ द्या, मग कॉक उघडा.

हे झालं तात्पुरतं. आता पेट्रोल जास्त का जातंय ते शोधायचं, आणि त्यासाठी माझी फुकटातली टेस्ट अशी की संध्याकाळी गाडी चालू असतानाच कॉक बंद करायचा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडू द्यायची, आणि झोपायचं. सकाळी कॉक उघडून अर्धा मिनिट थांबा, चोक ओढा, किक. दोन-तीन किकमध्ये उठली आणि कॉक उघडा ठेवलेल्या रात्री उठत नाही, तर विषय जवळपास संपला, फ्लोटची निडल पेट्रोल थांबवत नाहीये. एकच भानगड, जुना कॉक बंद करून सुद्धा पाझरतो, म्हणून एकदा पाईप कार्बोरेटरपासून काढून रात्रभर बाटलीत सोडून बघा, सकाळी बाटलीत पेट्रोल दिसलं तर आधी कॉकचा वॉशर बदला.

कार्बोरेटर खाली घेतला की त्याची खालची वाटी उघडा, फ्लोटची पिन हलक्या हाताने सरकवा आणि निडल बाहेर काढून उजेडात धरा. टोकावर नखाने जाणवेल अशी बारीक रिंग पडलेली असते, ती दिसली की निडल बाद. निडल ज्यात बसते ते पितळी सीट पण बघा, त्यात कचरा किंवा हिरवट थर असेल तर कापडाने साफ करा, तार घालून खरवडू नका. फ्लोट कानाजवळ धरून हलवा, आत खळखळ ऐकू आली तर त्यात पेट्रोल शिरलंय, तो आता तरंगणार नाही, बुडणार. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे निघाले की भोक सापडलं. नवी निडल टाकल्यावर कार्बोरेटर उलटा धरायचा म्हणजे फ्लोटचं वजन निडलवर येतं, आणि पेट्रोल येतं त्या नळीतून तोंडाने फुंकायचं. हवा अजिबात जायला नको. मी पहिल्यांदा स्वस्तातलं डुप्लिकेट किट टाकलं होतं, नवं कोरं असून फुंकर आरपार जात होती, तेव्हापासून बसवायच्या आधी फुंकल्याशिवाय वाटी लावत नाही. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतंय, ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही, त्यामुळे महिना-महिना उभी राहणारी गाडी असेल तर कार्बोरेटर रिकामा करूनच ठेवत जा.

निडल ठीक निघाली तर नजर चोककडे. आरएक्सच्या मिकुनी कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नाही, पेट्रोलचा एक वेगळा रस्ता आहे आणि तो एक छोटा पिस्टन बंद करतो, ज्याच्या बुडाला रबर असतं. ते रबर कडक झालं किंवा फाटलं की चोक बंद केला तरी तुम्ही अर्ध्या चोकवरच फिरताय. अशी गाडी थंड असताना बरी उठते आणि गरम झाल्यावर त्रास देते, हे लक्षण ओळखून ठेवा. अजून एक, या चोकला काम करायला एक्सलेटर पूर्ण सोडलेला लागतो. थंड गाडीला चोक ओढून वर एक्सलेटर पिळत किक मारणारे भरपूर बघितलेत, त्यांचा चोक काही कामच करत नसतो. किक मारायच्या आधी चार वेळा एक्सलेटर पिळून पेट्रोल "पंप" करणारे पण आहेत, या कार्बोरेटरला तसला पंपच नाही, नुसता मनाला आधार. आणि चेतकवर वाढलेल्या पिढीला गाडी आडवी करून चालू करायची सवय आहे ना, ती इथं कृपा करून नको, आधीच ओव्हर होणाऱ्या गाडीत अजून ओतल्यासारखं होतं.

आता प्लग ओला म्हणजे कशाने ओला हे पण बघा. काढलेला प्लग वर्तमानपत्रावर टेकवा. डाग थोड्या वेळात उडून गेला तर पेट्रोल, तेलकट डाग राहिला तर ऑइल. ऑइल असेल तर आधी साधी चौकशी, गाडी सेकंडहँड घेतली असेल तर टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) चा पंप चालू आहे का आणि वर तुम्ही टाकीत पण ऑइल टाकताय का? डबल ऑइल पाजणारे खूप आहेत. पंप चालू असेल तर टाकीत एक थेंब नको, पंप काढून टाकलेला असेल तर लिटरला २० ते २५ मिली पुरे, "इंजिनला बरं" म्हणून ५० मिली टाकलं तर प्लग काळाच येणार.

करंट बघायला दुसरा एक प्लग जवळ ठेवा. जुना प्लग भोकातच राहू द्या म्हणजे फवारा नाही, दुसरा कॅपला लावून हेडच्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा, निळी टकटकीत ठिणगी पाहिजे. पिवळी, बारीक, मधेच गायब असली तर आधी कॅप काढून वायरचं टोक पाव इंच कापून परत फिरवून बसवा, निम्म्या वेळा तेवढ्यावरच भागतं. गाडी पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेली) असेल तर पॉइंट पॉलिश पेपरने साफ करून गॅप ०.३५ मिमीच्या आसपास ठेवा, आणि पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७.

एअर फिल्टरचा फोम आणि सायलेन्सरची आतली जाळी, दोन्ही चोंदले की गाडीचा श्वास कोंडतो आणि पेट्रोल आपोआप जास्त होतं, तासाभराचं काम आहे, करून टाका. हवेचा स्क्रू हळू पूर्ण आत टेकवून दीड फेरी बाहेर, तिथून पुढे कानाने. रीडच्या पात्या उजेडासमोर धरून फट दिसतेय का तेही बघून घ्या.

एवढं करूनही प्लग तेलकटच येतोय, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल दर महिन्याला कमी होतंय, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय, इंजिन गिअर ऑइल पितंय. कधी उलटं होतं, क्रँकमधलं पेट्रोल त्याच सीलमधून गिअर ऑइलमध्ये उतरतं. हे काम मिस्त्रीकडेच, पण जायच्या आधी थोडं गिअर ऑइल एका वाटीत काढून वास घ्या, आणि मिस्त्री पिस्टनचं नाव काढायला लागला की ती वाटी त्याच्या नाकाखाली धरा.