बटेरांच्या खाद्यात एन्झाइम वापरताना या चुका टाळा

मांसासाठी वाढवलेला जपानी बटेर साधारण पाच आठवड्यांत विक्रीला येतो, त्यामुळे खाद्यातील चूक लक्षात येऊन ती दुरुस्त होईपर्यंत बॅच संपत आलेली असते. असे असूनही पुणे परिसरातील अनेक नवे बटेरपालक आपल्या खाद्यात नेमके काय आहे हे तपासण्याआधीच एन्झाइमचे पाकीट विकत घेतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फायटेज हे एन्झाइम घातले म्हणून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे स्फुरद व कॅल्शियम पुरवणारी भुकटी) पूर्णपणे बंद करणे. धान्य व पेंडीतील सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटेटच्या, म्हणजे पक्ष्याला सहज न पचणाऱ्या संयुगाच्या, रूपात बांधलेले असते आणि फायटेज त्यातील काही भाग मोकळा करते, सगळा नव्हे. शिरूर तालुक्यातील एका पालकाने डीसीपी बंद केलेच, शिवाय कॅल्शियम कमी पडू नये म्हणून चुनखडीची पूड जवळजवळ दुप्पट केली. तिसऱ्या आठवड्यात पक्षी जागेवर बसून राहू लागले, काहींचे पाय वाकले, तेव्हा त्याने प्रथम हॅचरीला दोष दिला आणि नंतर पाण्यातून आणखी कॅल्शियम पाजले. वस्तुतः जादा कॅल्शियम आतड्यात फायटेटला घट्ट धरून ठेवते आणि फायटेजला त्यावर काम करता येत नाही, म्हणजे उपाय म्हणून जे दिले जात होते तेच दुखणे वाढवत होते. डीसीपी पुन्हा सुरू करून चुनखडी कमी केल्यावर पुढची बॅच व्यवस्थित चालली; ज्या पक्ष्यांचे पाय आधीच वाकले होते ते मात्र सुधारले नाहीत.

येथे साधा हिशेब पुरेसा होता. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या (एनआरसी) १९९४ च्या तक्त्यानुसार वाढत्या बटेरांना ०.८ टक्के कॅल्शियम आणि ०.३० टक्के फायटेटविरहित स्फुरद लागते. प्रतिकिलो खाद्यात ५०० एफटीयू (फायटेजची क्षमता मोजण्याचे एकक) फायटेज असल्यास सुमारे ०.१ टक्का स्फुरद मोकळे होते असे धरतात. डीसीपीत स्फुरद १८ टक्क्यांच्या आसपास असल्याने टनामागे साधारण साडेपाच किलो डीसीपी वाचते. उरलेले घालावेच लागते. मी तर सुरुवातीला त्याहूनही कमीच कपात करतो. अंड्यांवरील कोंबड्यांचे खाद्य स्वस्तात मिळाले म्हणून तेच बटेरांना घालणाऱ्यांनी फायटेजवर पैसे खर्चूच नयेत, कारण त्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या घरात असते आणि प्रथिने बटेरांना लागणाऱ्या २४ टक्क्यांच्या बरीच खाली असतात. प्रथिनांची ही तूट कोणतेही एन्झाइम भरून काढत नाही.

दुसरी चूक मिसळण्याची. टनाला शंभर ग्रॅम लागणारी भुकटी ढिगावर शिंपडून फावड्याने चार वेळा वरखाली केली की काम झाले, असे मानणारे लोक पाहून आता मला राग येण्याचेही बंद झाले आहे. दिवसाकाठी काही ग्रॅमच खाणाऱ्या पिल्लाच्या वाट्याला अशा खाद्यातून एकतर काहीच येत नाही किंवा भलतेच जास्त येते. मी भुकटी प्रथम किलोभर बारीक मका भरड्यात, मग ती दहा किलोंत आणि त्यानंतरच संपूर्ण खाद्यात मिसळतो. याला वेळ लागतो, आणि ज्यांना तो नाही त्यांनी तयार खाद्य घ्यावे.

एन्झाइम कच्च्या मालाला अनुरूप असावे: गव्हाचे प्रमाण मोठे असेल तर झायलनेज, जवाला बीटा-ग्लुकनेज, ग्वार कोरम्याला (गवार बियांपासून डिंक काढल्यावर उरणाऱ्या पेंडीला) मॅननेज. केवळ मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात झायलनेजकडून फार अपेक्षा ठेवू नये.

खाद्याची गोळी किंवा क्रंबल (फोडलेली गोळी) करून घेणार असाल तर उष्णता सहन करणारे उत्पादन आहे का हे आधी विचारा, कारण ८० अंशांच्या पुढील वाफेत साधे एन्झाइम बरेचसे निकामी होते. फोडलेले पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. एप्रिल-मेचे ऊन आणि मुळशीकडील पावसाळी दमट हवा दोन्ही त्याला घातक आहेत. दोन कंपन्यांची मिश्रणे एकत्र घालून दोन्ही पाकिटांवरील ऊर्जेची बचत जशीच्या तशी बेरजेत धरणे म्हणजे एकच बचत दोनदा मोजणे होय.

आणि पिंजऱ्याचा एक कप्पा एन्झाइमविना ठेवा. दोन्हीकडील खाद्य तोलून द्या आणि दर आठवड्याला वजने घ्या. दोन बॅचनंतरही किलोभर वजनवाढीमागे लागणाऱ्या खाद्याचा खर्च कमी दिसला नाही, तर ते एन्झाइम बंद करून तोच पैसा चांगल्या सोयापेंडीवर खर्च करावा.