परसाकडचं दुखणं: या शाखेत येऊ पाहणाऱ्या ज्युनिअर्ससाठी

ओपीडीत येणारी बाई पहिल्या वाक्यात खरं दुखणं सांगत नाही. 'कंबर भरून येतीया', 'भूक लागंना', 'गॅस धरतोय' असं काहीतरी बोलून ती गप्प होते. सोबतचा मुलगा बाहेर गेला, सिस्टरनं दार लोटलं, की मग जमिनीकडं बघत म्हणते, 'परसाकडचं कळंना झालंय, मॅडम.' सांगली-मिरजेत मोठ्या आतड्याच्या, गुदद्वाराच्या आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या शस्त्रक्रिया करताना मला सगळ्यात आधी शिकावी लागली ती त्या दोन वाक्यांमधली वाट बघणं. एमएस करणारी मुलं-मुली विचारतात, 'मॅडम, या शाखेत यावं का?' त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

वाट सरळ आहे. एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीत ३ वर्षांचं एमएस किंवा त्याच्याच तोडीचं डीएनबी, मग कोलोरेक्टल (मोठं आतडं आणि गुदाशय) फेलोशिप, नाहीतर सर्जिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजीत, म्हणजे पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांत, एमसीएच ही पुढची पदवी. फेलोशिपसाठी मोठ्या शहरात जावं लागतं, पण पाया इथंच पडतो. मिरजेला पेशंट येतात ते मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून. जत, कवठेमहांकाळबरोबर अथणी, विजापूरकडूनही येतात. थोडं कन्नड शिकून घ्या. 'रक्त' हा शब्द दोन्हीकडं सारखाच आहे, बाकीचे चार शब्द महिन्याभरात येतात.

आता तपासणी. गुदद्वारात बोट घालून तपासणं ही या शाखेची बाराखडी आहे आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते. मीही टाळली होती. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षात, तुडुंब भरलेल्या ओपीडीत, पन्नाशीचे एक मामा आले. शौचातून रक्त पडत होतं. मी नुसती विचारपूस केली, 'मूळव्याध' लिहिलं, मलम आणि पाचक चूर्ण दिलं. पाच महिन्यांनी ते परत आले तेव्हा मी बोट घातलं. गाठ अगदी बोटाच्या टोकावर होती, दगडासारखी कडक. बोट ७-८ सेंटीमीटर आत पोचतं. गुदाशयाचे कितीतरी कॅन्सर त्या टप्प्यातच असतात. मामांची गाठ पहिल्या दिवशीही मला लागली असती. आतली मूळव्याध मऊ असते, ती सहसा बोटाला लागत नाही. म्हणून बोटाला काही लागलं तर ती मूळव्याध आहे अशी समजूत करून घेऊ नका.

पद्धत साधी आहे. काय करणार ते आधी सांगा, होकार घ्या, बाई पेशंट असेल तर सिस्टर सोबत हवीच. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, भरपूर जेली. बोट घालायच्या आधी नुसतं बघा. फिशरची जखम, म्हणजे गुदद्वाराची चीर, दिसली आणि पेशंट कळवळत असेल तर त्या दिवशी जबरदस्ती नको, भूल देऊन तपासता येतं. फिशर बहुतेक वेळा मागच्या बाजूला मधोमध असतं. आडबाजूला असेल तर टीबी, क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आजार), एचआयव्ही यांचा विचार करायलाच हवा.

'अंग बाहेर येतंय' ही तक्रार इथं नेहमीची. ते गर्भाशय असू शकतं, गुदाशय असू शकतो, मूळव्याधीचे कोंब असू शकतात. टेबलावर आडवं झोपवून यातलं बऱ्याचदा काही दिसत नाही. पेशंटला उकिडवं बसवून कुंथायला सांगा आणि वाकून बघा. पूर्ण गुदाशय बाहेर आला असेल तर त्यावर वर्तुळाकार घड्या दिसतात. मूळव्याधीत कोंबांच्या मध्ये उभ्या चिरा असतात. बऱ्याच बायकांत पुढचं, मधलं, मागचं असं तिन्ही ढिलं झालेलं असतं, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञाला बोलवायला कमीपणा मानू नका.

यंत्रं नंतर. बद्धकोष्ठाच्या पेशंटला मी आधी ब्रिस्टल चार्टची, म्हणजे शौच कडक ते पातळ कसं होतं त्याची, सात चित्रं दाखवते. शब्दांपेक्षा चित्रावर बोट ठेवणं लोकांना सोपं जातं. मॅनोमेट्री (गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी) हाताशी नसेल तर फोलीचा कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली लघवीची नळी, घ्या, ती गुदाशयात घालून फुग्यात ५० मिली पाणी भरा, पेशंटला एकटं सोडा. मिनिटभरात फुगा बाहेर टाकता आला नाही, तर शौचाच्या वेळी सैल पडायचे स्नायू उलट आवळले जात असण्याची शंका घ्या. एमआरआय डिफेकोग्राफीसाठी पुण्या-कोल्हापूरकडं पाठवताना पेशंटला नीट समजावून पाठवा. गुदाशयात जेली भरून मशीनमध्ये झोपून ती बाहेर टाकायची असते. हे आधी माहीत नसेल तर बायका लाजेनं रोखून धरतात आणि रिपोर्ट चुकतो.

माझ्याकडं एक कॉलेजची मुलगी आली होती, तीन वर्षं इसबगोल आणि झाडा होणाऱ्या गोळ्यांवर. घरच्यांना ऑपरेशन हवं होतं. फुगा तिला टाकता आला नाही, मॅनोमेट्रीतही तेच निघालं. हा सुरीचा आजारच नव्हता. फिजिओथेरपिस्टकडं बायोफीडबॅक (पडद्यावर बघत स्नायू सैल सोडायला शिकणं), कमोडवर बसताना पायाखाली पाट, सकाळच्या चहानंतर ठरलेली वेळ. चार महिने लागले. आईवडिलांना दर भेटीत समजवावं लागलं, आणि तो वेळ ऑपरेशनपेक्षा जास्त गेला. तरी मला तो वाया गेला असं वाटत नाही.

कापण्याबद्दल एवढंच ठामपणे सांगते: गुदद्वाराचा स्नायू एकदा कापला की पहिल्यासारखा होत नाही. भगंदर, म्हणजे गुदद्वारातून बाहेरच्या कातडीपर्यंत गेलेला पुवाचा मार्ग, दिसलं की तो उघडा करून टाकायचा मोह होतो. मार्ग वरच्या पातळीवर असेल, किंवा बाळंतपणं झालेल्या बाईत समोरच्या बाजूला असेल, तर थांबा. समोर तिचा स्नायू मुळातच आखूड असतो. एमआरआय करा, त्या मार्गातून सेटॉनचा दोरा घाला, 'लिफ्ट' (LIFT) नावाच्या शस्त्रक्रियेसारखी स्नायू वाचवणारी पद्धत शिकून घ्या. आणि क्षारसूत्राला, म्हणजे आयुर्वेदातल्या औषध लावलेल्या दोऱ्याला, नाक मुरडू नका. भगंदराचं वर्णन सुश्रुतानं केलेलं आहेच, पण आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री चाचणीतही क्षारसूत्रानं बरं व्हायला जास्त आठवडे लागले, पण भगंदर परत होण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेपेक्षा कमी निघालं. पदवी नसलेल्यानं जागेवर टोचलेल्या इंजेक्शननं सडलेली मांडी मी बघितली आहे. त्याची आणि प्रशिक्षित वैद्यानं घातलेल्या दोऱ्याची गल्लत करू नका.

स्टोमा (पोटावर आतड्याचं तोंड काढून पिशवी लावणं) करायची वेळ आली तर जागा आदल्या दिवशी ठरवा. पेशंटला बसवून, उभं करून, वाकवून बघा. बाई असेल तर नेसत्या लुगड्यात बघा, निऱ्या खोचते तिथंच पिशवी आली तर रोज गळणार. हळदीच्या पेठेतल्या एका हमालाला मी ऑपरेशनआधी तासभर फक्त पोत्यांबद्दल विचारलं होतं. स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो, पुन्हा पोतं उचलता येणार नाही, हे त्याला आणि त्याच्या बायकोला आधी कळायला हवं होतं. त्यानं पुढं तोलाईचं काम धरलं.

सुरुवातीला जिचं वाक्य सांगितलं ती आक्का तासगावकडची. द्राक्षबागेत विरळणीला जायची. पहिल्या बाळंतपणात, घरीच, मागपर्यंत फाटलं होतं आणि कुणी शिवलं नव्हतं. बावीस वर्षं जुन्या लुगड्याच्या घड्या ठेवून वावरली. एसटीनं जायचं असलं की आदल्या रात्रीपासून उपाशी. तपासताना गुदद्वाराच्या समोरच्या बाजूला सुरकुत्याच नव्हत्या. पुण्यातल्या सोनोग्राफीत स्नायू घड्याळाच्या १० ते २ पर्यंत तुटलेला दिसला. स्नायूची दोन्ही टोकं एकमेकांवर आणून शिवली. वर्षांगणिक याचा परिणाम उतरत जातो, कधी पूर्ण ताबा येतच नाही, हे मी तिला ऑपरेशनआधी दोनदा सांगितलं होतं. नंतर तीन महिने स्नायूंचे व्यायाम.

आठ महिन्यांनी ती आली. पातळ झालं की अजून निसटतं, म्हणाली. मी ताबा किती आला ते मोजायचा तक्ता काढून गुण लिहायला लागले. तिनं माझा हात धरून थांबवलं.

'भाचीच्या लग्नाला गेलती, मॅडम. पंगतीत बसून जेवली मी.'