ईमॅक्सला देवनागरीची गुजराती करायला शिकवा: पहिलं एक्स्टेन्शन

वडोदऱ्यातल्या मराठी मंडळांत हे काम ठरलेलं असतं. वर्गणीदारांची यादी देवनागरीत तयार असते आणि छापखान्याला किंवा सोसायटीच्या नोटीस बोर्डाला ती गुजराती लिपीत हवी असते. दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतची दोनशे नावं पुन्हा टाइप करण्याऐवजी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरलाच एक कमांड शिकवू. ईमॅक्स लिस्प, म्हणजे त्याची स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा, शिकायला सुरुवात म्हणून हे काम अगदी बेताचं आहे.

ईमॅक्सचा गाभा सी भाषेत आहे, पण आपण रोज वापरतो त्यातल्या बहुतेक कमांड लिस्पमध्ये आहेत. एडिटर बंद न करता त्या चालू असताना बदलता येतात. ही सोय पहिल्याच दिवसापासून वापरा: एक कंस, म्हणजे कंसात बसलेली एक सूचना, लिहायचा, लगेच चालवून बघायचा.

स्क्रॅच बफर, म्हणजे ईमॅक्समधलं कच्च्या कामाचं पान, उघडा. कंस उघडून अधिकचं चिन्ह, २३२५ आणि ३८४ लिहा, मध्ये एकेक जागा सोडा, कंस बंद करा. लिस्पमध्ये क्रिया आधी येते, आकडे नंतर. कर्सर बंद कंसाच्या लगेच पुढे ठेवून कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-ई दाबा. खाली २७०९ दिसेल. आकडे मात्र इंग्रजी टाका. देवनागरी ३८४ लिस्पला आकडा वाटत नाही, त्या नावाचं व्हेरिएबल वाटतं, आणि ते सापडत नाही म्हणून 'व्हॉइड' अशी तक्रार येते.

युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत. त्यात २३२५ हा देवनागरी क, २७०९ हा गुजराती क. भारतीय लिप्या युनिकोडमध्ये एकाच क्रमाने मांडल्या आहेत. देवनागरीचा गट २३०४ पासून सुरू होतो, गुजरातीचा २६८८ पासून. म्हणून जवळजवळ प्रत्येक अक्षरात फरक ३८४ चाच. ळ दोन्हीकडे आहे, त्यामुळे काळे आणि माळी सुखरूप पोचतात.

आता कमांड. गुजराती-करा, सुरू, शेवट, अक्षर ही नावं अशीच देवनागरीत लिहिली तरी चालतात. बाकीचे शब्द रोमन स्पेलिंगने टाका; कॅर म्हणजे कॅरेक्टरच्या स्पेलिंगमधली पहिली चार अक्षरं.

(डीफन गुजराती-करा (सुरू शेवट)
  (इंटरॅक्टिव्ह "आर")
  (सेव्ह-एक्सकर्शन
    (गोटू-कॅर सुरू)
    (व्हाइल (< (पॉइंट) शेवट)
      (लेट ((अक्षर (कॅर-आफ्टर)))
        (इफ (<= २३०५ अक्षर २४१५)
            (प्रॉग्न
              (डिलीट-कॅर १)
              (इन्सर्ट (+ अक्षर ३८४)))
          (फॉरवर्ड-कॅर १))))))

सगळे शब्द आणि अवतरणातला आर स्मॉल लेटरमध्येच हवेत. या आरमुळे निवडलेल्या मजकुराची सुरुवात आणि शेवट हे दोन आकडे आपोआप मिळतात. इंटरॅक्टिव्हची ओळ गाळली तर फंक्शन तयार होतं, पण ऑल्ट-एक्सच्या, म्हणजे नावाने चालवायच्या कमांडच्या, यादीत दिसत नाही. नवशिके इथे हमखास अडतात. इफच्या 'हो'च्या बाजूला एकच कंस मावतो, म्हणून दोन कामं प्रॉग्नमध्ये बांधली आहेत.

डीफनच्या आत कुठेही कर्सर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-एक्स दाबा म्हणजे कमांड तयार. 'एंड ऑफ फाइल ड्युरिंग पार्सिंग' असं आलं तर कुठेतरी बंद कंस राहिला आहे. चार नावं निवडून ऑल्ट-एक्स, गुजराती-करा. बिघडलं तर कंट्रोल आणि तिरपी रेघ दाबून मागे या. फॉरवर्ड-कॅर विसरलात तर पहिल्याच रिकाम्या जागेपाशी लूप कायमचा फिरत राहतो. तो कंट्रोल-जीने थांबतो.

एक गोष्ट जवळून बघा. 'जोशी' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण लिस्पला चार: ज, ओकार, श, दीर्घ ईकार. चारांतलं प्रत्येक स्वतंत्रपणे बदलतं, आणि शेजारी आलं की फॉन्ट ते पुन्हा जोडून दाखवतो. जोडाक्षरांसाठी वेगळा कोड लागत नाही तो यामुळेच.

आता खरी यादी चालवा. 'दुसऱ्या गल्लीत' मध्ये एक चौकोन येईल. त्यावर कर्सर नेऊन कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबरचं चिन्ह असं क्रमाने दाबा. कॅटेगरीसमोर 'नॉट असाइन्ड' दिसलं तर दोष फॉन्टचा नाही, त्या जागी गुजरातीत अक्षरच नाही. मराठीचा ऱ, म्हणजे २३५३, तिथे अडतो. दंडही (। आणि ॥) अडतात: २४०४ आणि २४०५ गुजरातीतही देवनागरीचेच वापरतात, ते तसेच सोडा. एकसंध ॲ चा क्रमांक २४१८ आपल्या मर्यादेबाहेर आहे, म्हणून तो न बदलता देवनागरीतच उरतो.

उपाय सोपा आहे: इफच्या जागी अनेक अटी एकामागून एक तपासणारा कॉन्ड घाला आणि वरच्या फांद्यांत हे अपवाद आधी काढा. २३५३ आलं तर गुजराती र, २७३६. २४१८ आलं तर गुजराती ऍ, २७०१. यात 'दुसऱ्या'चा ऱ्य जाऊन रफार येतो. गुजरातीत तसंच वाचावं लागेल, ते सुधारायच्या मागे लागू नका.

जुन्या मजकुरात ऱ्या हे र, हलन्त आणि न दिसणारा जोडक ८२०५ असं टाइप केलेलं सापडतं. हा जोडक पुसायची फांदी घातलीत की नवी अडचण उभी राहते. आतापर्यंत एकाच्या जागी एक येत होतं, म्हणून शेवट अचूक होता. आता मजकूर आखडतो आणि लूप निवडीच्या पुढची अक्षरंही बदलतो. फाइल तिथेच संपत असेल तर 'राँग टाइप आर्ग्युमेंट' येतं, कारण कॅर-आफ्टरच्या हाती काहीच लागत नाही. यासाठी सुरुवातीलाच शेवटला कॉपी-मार्करमध्ये घाला. मार्कर मजकुराबरोबर सरकतो.

कुठे चुकतंय ते कळत नसेल तर आधी कंट्रोल-यू आणि मग कंट्रोल-ऑल्ट-एक्स दाबून एडिबग लावा. कमांड चालवली की स्पेसबारने एकेक कंस पुढे जाता येतं, क्यूने बाहेर. अनोळखी फंक्शनसाठी कंट्रोल-एच, मग एफ.

कमांड कायमची हवी असेल तर ईमॅक्सच्या सेटिंग फोल्डरात लिस्प नावाचं उपफोल्डर करून त्यात या कोडची ईएल फाइल ठेवा. लोड-पाथमध्ये, म्हणजे ईमॅक्स फाइली जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, हे उपफोल्डरच द्या, मुख्य फोल्डर दिलं तर ईमॅक्स इशारा देतो. पहिल्या ओळीत लेक्सिकल-बाइंडिंग टी, शेवटच्या ओळीत प्रोव्हाइड. प्रोव्हाइडमधलं नाव सेटिंगमध्ये ही फाइल बोलावणाऱ्या रिक्वायरमधल्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. शॉर्टकट कंट्रोल-सी आणि एखादं अक्षर असाच निवडा, त्या जागा वापरणाऱ्यांसाठीच राखून ठेवलेल्या आहेत.