संदर्भात साल कुठलं लिहायचं? सीमाभागातून पीएचडी करणाऱ्या नव्या मुलामुलींसाठी

संदर्भ लिहिण्याच्या एपीए, एमएलए या पद्धती म्हणजे काय, तळटीप कुठे आणि संदर्भसूची कुठे, हे कोर्सवर्कमध्ये शिकवून झालेलं असतं. ते इथे उगाळत नाही. आपल्या भागातलं दुखणं वेगळं आहे. प्रबंध मराठीत, साधनं निम्मी इंग्रजी नि कन्नडमध्ये, आणि खानापूर, निपाणी, अथणीकडे राहून मोठं ग्रंथालय रोज गाठणं कुणालाच जमत नाही. त्यामुळे बरंचसं वाचन स्क्रीनवर होतं. त्यात कमीपणा काहीच नाही, ऑनलाइन साधनं बिनधास्त वापरा. फक्त एका गोष्टीनं माझी सगळ्यात जास्त दमछाक केली, तिच्याबद्दल सविस्तर सांगते. ती म्हणजे साल.

ऑनलाइन साधनाला तीन तारखा असतात. मजकूर मुळात छापला गेला ती, संकेतस्थळावर चढवला ती, आणि तुम्ही उघडून वाचला ती. या तिन्हींची गल्लत झाली की प्रकरणच्या प्रकरण कोसळतं.

आपल्या सगळ्यांना लागणारं पुस्तक घ्या. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेचा, बेळगावचा खंड, खंड २१, जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेला, छपाई १८८४ची. हा खंड आपण बहुतेक जण स्कॅन केलेल्या प्रतीतूनच वाचतो. डिजिटल ग्रंथालयाच्या पानावर ठळक दिसते ती प्रत चढवल्याची तारीख. ती पाहून कुणी कंसात २०१५ लिहिलं, तर वाचणाऱ्याला तिथली पिकं, हातमाग, बाजारपेठा आजच्या वाटणार. झोटेरोसारखं संदर्भ साठवणारं सॉफ्टवेअर एका क्लिकवर नोंद ओढून घेतं, पण पानावर जी तारीख असेल तीच बऱ्याचदा उचलतं. म्हणून पीडीएफमधलं शीर्षकाचं पान स्वतः उघडायचं आणि साल तिथून घ्यायचं. पृष्ठक्रमांकाचंही तेच. पीडीएफ वाचकात वर दिसणारा आकडा आणि पानावर छापलेला आकडा वेगळे असतात, कारण मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका आधी येऊन गेलेली असते. छापलेला आकडाच लिहा.

मराठी विश्वकोशाबाबत तर हात जोडून सांगते. ऑनलाइन दिसणाऱ्या कितीतरी नोंदी मुळात छापील खंडांसाठी लिहिलेल्या आहेत आणि त्यातले आकडे त्या काळातले आहेत. जिल्ह्याची लोकसंख्या तिथून उचलून 'सध्या' असं लिहू नका. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्हा ४७,७९,६६१ होता. हा आकडासुद्धा जनगणनेचं साल जोडल्याशिवाय वापरू नये. विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, तेही सोडू नका. नुसतं संकेतस्थळाचं नाव टाकणं हा त्या लेखकावर अन्याय आहे.

नोंद करताना मूळ साल आधी, मग कुठे वाचलं ते, मग दुवा. पाहिल्याची तारीख एपीएची २०१९ची सातवी आवृत्ती फक्त बदलत राहणाऱ्या मजकुरासाठी मागते. माझं मत विचाराल तर वहीत ती प्रत्येक वेळी लिहाच. छापायची की नाही ते शेवटी ठरवता येतं, पण विसरलेली तारीख परत मिळत नाही. शीर्षकही जसं छापलंय तसंच ठेवा. बेळगाव शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलून बेळगावी झालं, म्हणून १८८४च्या पुस्तकाचं नाव सुधारू नका. नाहीतर परीक्षकाला ते शोधून सापडणार नाही.

सीमाप्रश्नावर लिहिणाऱ्यांनी आणखी एक जपायचं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७चा अहवाल हजार ठिकाणी उद्धृत केलेला दिसतो, आणि बरेच जण एकमेकांचंच उतरवतात. अहवाल स्वतः पाहिला नसेल तर तो थेट सूचीत घालू नका. ज्या लेखात वाचलं त्या लेखाचा हवाला द्या आणि 'उद्धृत' असं स्पष्ट लिहा. हा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा आहे की एक खोटा हवाला सापडला तर तुमचं खरं म्हणणंही कुणी ऐकून घेणार नाही.

टायपिंगच्या दुकानात पैसे देऊन सूची करून घेऊ नका. चॅटबॉटकडून तर नाहीच. तो डीओआयसकट (डीओआय म्हणजे ऑनलाइन लेखाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक) अस्तित्वात नसलेले लेख रचून देतो. डीओआय खरा असेल तर डीओआय डॉट ऑर्गवर टाकल्यावर त्याच लेखाचं पान उघडतं. तेवढं तपासायला मिनिटही लागत नाही. आणि गाईडनी सही केली म्हणजे तळटीपा तपासल्या, असं धरून चालू नका. जे सर किंवा मॅडम पहिल्याच प्रकरणाच्या तळटीपा मागून घेतात ते कडक वाटतात, पण नशीब लागतं असा गाईड मिळायला.

साम्य तपासणीची, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसरीकडून उतरवलाय का हे सॉफ्टवेअरनं पाहण्याची, धास्ती मात्र घेऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि रीतसर हवाला दिलेली अवतरणं नि संदर्भसूची मोजणीतून वगळायची असतात. नीट हवाला देणाऱ्याला हा नियम उलट सांभाळूनच घेतो.

वृत्तपत्राचं ई-पेपर वापरलं तर तारीख, आवृत्ती आणि पृष्ठ लिहा, कारण दुवा टिकेलच असं नाही. सरकारी संकेतस्थळं पत्ता बदलतात आणि जुने दुवे एका रात्रीत बंद पडतात. म्हणून पान वाचलं त्याच दिवशी वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करा आणि तो दुवा वहीत ठेवा. मौखिकीच्या आधी सूचीतला एकेक दुवा उघडून पाहा. जो उघडत नसेल, त्याच्यासमोर जतन केलेल्या प्रतीचा दुवा आपल्या प्रतीत पेनानं लिहून न्या.