शुगरच्या पेशंटला आपली भाषा येत नसेल तर कसं समजवायचं

पहिलं म्हणजे घरातल्या लहान पोरांना दुभाषी बनवू नका, आईला इन्सुलिन सुरू करायचंय हे दहा वर्षांच्या मुलीने सांगायचं म्हणजे केवढं ओझं तिच्यावर, आणि घाबरून निम्मं गाळते ती. शिकलेला दुभाषी समोर नसेल तर फोनवर घ्या, पण बोलताना बघा पेशंटकडेच.

"समजलं का?" विचारलं की सगळे मान हलवतात. त्यापेक्षा इन्सुलिनचं पेन हातात द्या आणि त्यावर डोसचा आकडा लावून दाखवायला सांगा, चूक तिथल्या तिथे दिसते.

शुगर कमी झाली तर काय, हे मात्र दोनदा वदवून घ्याच: घाम, थरथर, मीटरवर ७० च्या खाली, की लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं.

गोळ्यांच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढून द्या.

छापील डाएट चार्ट देऊ नका, ते रोज काय खातात ते विचारा आणि त्यातलंच प्रमाण बदला. उपवास करणार म्हणाले तर रागावू नका हो, पुढच्या वेळी लपवतील, त्यापेक्षा आधीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.